खंडूनानांचा दाखला

खंडूनाना नापास झाले नव्हते. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो, कारण मला माझी सवय माहीत आहे. गोष्ट सांगायला बसलो की मी आधी हवापाणी, मग माणसांचे स्वभाव, मग थोडी थट्टा असं करत करत मुद्द्याच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि तिथून माघारी फिरतो. नानांच्या बाबतीत मी आयुष्यभर हेच केलं. बायकोलाही सुरुंगांच्या गमती तेवढ्या सांगितल्या आणि मूळ गोष्ट गिळली. तेव्हा आधी हे लिहितो: नाना नापास झाले नव्हते. ते नापास झाले असं मी सांगितलं होतं.

आता माणूस कसा होता ते सांगतो.

तेव्हा चिंचवड सोडून मोशीच्या अंगाला निघालं की सगळा उघडा माळ होता. बाभळी, काळा खडक आणि मधूनमधून दगडाच्या खाणी. त्यातली एक आबासाहेबांची. पिंपरीला कारखान्यांचे पाये भरायला लागले होते, मुंबई-पुणे रस्ता रुंद व्हायचा होता, त्यामुळे दगडाला आणि खडीला भलतीच मागणी होती. मी वाईकडून मॅट्रिक होऊन आलेला, दापोडीला रुळांच्या कडेला एका खोलीत राहणारा, आबासाहेबांच्या खाणीवरचा एकुलता एक कारकून. आणि नाना खाणीवरचे एकुलते एक सुरुंग लावणारे. दोघंही एकुलते एक, पण ते रजेवर गेले की खाण बंद पडायची आणि मी गेलो की कुणाला पत्ता लागायचा नाही.

पन्नाशीचा, काटकुळा माणूस. डाव्या डोळ्यावर भुवई नव्हती. तरुणपणी घाटात, रेल्वेच्या बोगद्याच्या कामावर असताना ती जळाली आणि परत उगवलीच नाही. त्यामुळे नानांचा चेहरा एका बाजूनं नेहमी चकित झाल्यासारखा दिसायचा. त्या बाजूनं पाहिलं तर वाटे, हा माणूस आपल्याला काही तरी विचारणार आहे. दुसऱ्या बाजूनं पाहिलं की मात्र कळे, यांनी विचारायचं ते सगळं कधीच विचारून झालं आहे.

आमची पहिली भेट माझ्या चपलांवरून झाली. कामावर लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऐटीत, हातात वही घेऊन, सुरुंग भरायचं काम बघायला खाली उतरलो. नाना एका भोकात दारू ठासत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "भाऊसाहेब, चपलंला खिळं हायेत का?"

"आहेत. का?"

"मग ती तितंच काढा आन् माघारी जावा. न्हाईतर चपला ऱ्हातील आन् तुमी जाल."

मी तापलेल्या खडकावरून अनवाणी नाचत वर आलो. सगळी खाण हसली, नाना हसले नाहीत. संध्याकाळी स्वतः चपला घेऊन आले, दोन्ही उलट्या करून खिळे मोजले आणि म्हणाले, "राग धरू नका. दारूला नवं-जुनं माणूस वळखू येत न्हाई." तेव्हापासून मी त्यांना नाना म्हणू लागलो.

दारू ठासायला त्यांच्याकडे तांब्याची सळई होती, कारण लोखंडाची ठिणगी उडते. ती सळई दुसऱ्या कुणी उचललेली त्यांना खपत नसे. प्रत्येक भोकाला ते स्वभाव पाहून नातं लावायचे. सरळ, गुणी भोक असेल तर "ही आमची मावशी". तिरकं, वात नीट न धरणारं असेल तर "हा मेव्हणा". बायकोच्या भावाशी त्यांचं कधीच पटलं नव्हतं, हे सगळ्या खाणीला त्यामुळे ठाऊक होतं.

खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचं मोजणं. जितकी भोकं भरली तितके फुटाणे नाना डाव्या मुठीत घ्यायचे. वाती पेटवून, "सुरुंग हाय होऽऽ" अशी तीनदा आरोळी देऊन, ते बांधाआड यायचे आणि वहाणा काढून जमिनीवर अनवाणी उभे राहायचे. एक बार उडाला की एक फुटाणा तोंडात. सगळे फुटाणे संपले तरच माणसांना खाली सोडायचं. मुठीत एक जरी उरला तर एक सुरुंग मुका राहिला, म्हणजे दारू आत जिवंत बसून आहे.

"पण वहाणा कशाला काढता नाना?"

"दोन बार जोडीनं उडालं तर कानाला एकच ऐकू येतो. कान फसवत्यात. पायाला दोनी कळत्यात."

मी एकदा त्यांच्याशेजारी अनवाणी उभा राहिलो. मला फक्त चटके कळले.

मुका सुरुंग राहिला की नानांचा नियम ठरलेला होता. तडक बाभळीखाली जायचं, फडकं सोडायचं आणि भाकरी खायची. तीही कशी, तर एकेक घास दहा वेळा चावून, मध्ये पाणी पीत, मग हात धुऊन, मग पान. तोवर खाली चिटपाखरू जायचं नाही. मग एकटे उतरायचे, मुक्या भोकाला हात न लावता हातभर अंतरावर दुसरं भोक पाडून घ्यायचे आणि दोन्ही एकदम उडवायचे. एकदा असाच बार मुका राहिला आणि नेमके पिंपरीहून दगड न्यायला आलेले चार ट्रक वर उभे होते. आबासाहेब घामाघूम होऊन बाभळीपाशी आले.

"खंडू, अरे भाकरी काय खातोस! गाड्या उभ्या आहेत!"

नाना घास पुरा चावून म्हणाले, "मालक, गाड्या उभ्या हायेत, माणसंबी उभी हायेत. तशीच उभी ऱ्हाऊ द्या."

आबासाहेब बडबडत गेले, पण खाली कुणाला पाठवण्याची त्यांची छाती झाली नाही. नानांच्या हाताखाली खाणीत एका माणसाचं बोटदेखील कधी गेलं नव्हतं, आणि हे आबासाहेबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मग नवा कायदा आला. तोवर कसं होतं, की खाण खात्याचा साहेब वर्षा-दोन वर्षांनी यायचा, नानांचं काम बघायचा आणि एका चिठ्ठीवर चार ओळी खरडून द्यायचा. त्याला दिडकी पडत नसे. आता हुकूम निघाला की सुरुंग लावणाऱ्यानं रीतसर अर्ज करायचा, साहेबापुढे तोंडी परीक्षा द्यायची, पास झाला तर सरकारी दाखला मिळेल. दाखला नसेल त्यानं ठरल्या तारखेनंतर दारूला हात लावायचा नाही. आणि या सगळ्याला फी. अर्जाला फी, मालकाला दारू साठवायच्या परवान्याला वेगळी फी. ती आधी सरकारी खजिन्यात भरायची आणि चलन अर्जाला जोडायचं.

आबासाहेबांनी दोन दिवस तोंडाचा पट्टा चालवला. "दगड आमचा, घाम आमचा, मेलो तर आम्ही, आणि फी सरकारला! उद्या खोकल्याचीही फी लावतील." माणसांची फी माणसांनी भरावी, हे मात्र त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं.

मला वाटलं, नाना कुरकुरतील. फी त्यांच्या चार दिवसांच्या मजुरीएवढी होती. पण नाना इतके खूश झाले की मी बघतच राहिलो.

"भाऊसाहेब, आजवर जे मिळालं ती चिठ्ठी. फुकटची. फुकटच्या चिठ्ठीला कोण इचारतंय? आता सरकार पैसं घेणार, म्हंजी कागदाला वजन आलं. उद्या कुणी म्हणाला, तू कोण सुरुंग लावणारा, तर म्हनंन, सरकारनं मोल घेऊन तपासलाय मला."

"आणि नापास झालात तर?" मी थट्टेनं विचारलं होतं. हे आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते.

"तर मग बरं झालं म्हनायचं," नाना अगदी गंभीरपणे म्हणाले. "हातात खोट आसंल तर माणूस मरायच्या आधी कळलेलं बरं."

फी द्यायला ते एका सोमवारी आले ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. देवळात जाताना नेसतात तसं. अर्जावर अंगठा उठवण्याआधी तो तीनदा पुसला, आणि उठवल्यावर कागद उजेडात धरून रेघा नीट आल्यात का ते पाहिलं. पैसे माझ्या हातात देताना म्हणाले, "नीट भरा हां, भाऊसाहेब. माझं वाचायचं काम तुमच्याकडं."

मी पैसे घेऊन गाडीनं पुण्याला गेलो. मालकाच्या परवान्याची फी एका चलनावर, नानांच्या परीक्षेची दुसऱ्या चलनावर, असं भरायचं होतं. सूचनापत्रकात तसं स्वच्छ लिहिलं होतं आणि मी ते वाचलं होतं. पण खजिन्यात ही रांग. दोन चलनं म्हणजे दोन खिडक्या, म्हणजे दुपारचे चार. आणि मला तीनच्या खेळाला सिनेमाला जायचं होतं. मी दोन्ही रकमांची बेरीज एका चलनावर लिहिली. खिडकीतल्या कारकुनानं चष्म्यावरून पाहून विचारलंसुद्धा, "एकाच परवान्याचे का हो?" मी म्हणालो, "हो."

सिनेमा मला आठवत नाही. नटी कोण होती तेही आठवत नाही. ते "हो" तेवढं आठवतं.

महिन्याभरानं साहेब परीक्षा घ्यायला खाणीवरच आले. उत्तरेकडचे गृहस्थ होते, मराठी येत नव्हतं, त्यामुळे दुभाषा मीच. कचेरीच्या पत्र्याखाली टेबल मांडलं. नाना उभेच राहिले. खुर्ची दिली तर म्हणाले, परीक्षेला बसून कसं चालंल. साहेब प्रश्न विचारत, मी मराठीत सांगे, नाना उत्तर देत आणि मी ते साहेबांच्या इंग्रजीत घाली. वात किती लांब ठेवायची, ओल्या भोकात काय करायचं, वीज कडाडत असेल तर काय करायचं. नानांनी एकेका प्रश्नाला अशी उत्तरं दिली की भाषांतर करताना माझीच छाती फुगत होती. शेवटी साहेबांनी विचारलं, बार मुका राहिला तर किती वेळ थांबाल?

"माझी भाकर खाऊन होईस्तवर," नाना म्हणाले.

मी जसंच्या तसं सांगितलं. साहेब हसले. "आणि याला भाकरी खायला किती वेळ लागतो?"

"तासभर तरी, साहेब. मी पाहिलं आहे."

"नियम अर्ध्या तासाचा आहे," साहेब मला म्हणाले. "याच्या हाताखालची माणसं म्हातारी होईपर्यंत जगतील." आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. हे शेवटचं वाक्य मी नानांना सांगायला हवं होतं. पण साहेब उठले, आबासाहेब चहाचं विचारू लागले, आणि राहून गेलं.

पुढच्या महिन्यात खात्याचे दोन लखोटे एकाच टपालानं आले. एकात आबासाहेबांचा दारू साठवण्याचा परवाना, सुखरूप. दुसऱ्यात नानांचा अर्ज, परत. चलनावरची सगळी रक्कम परवान्याखाली जमा झाली होती. परीक्षेची फी स्वतंत्र चलनानं भरल्याचं दिसत नाही, सबब अर्ज विचारात घेता येत नाही, पुढील परीक्षेच्या वेळी नव्यानं फी भरून अर्ज करावा. पुढची परीक्षा वर्षानं होती. आणि दाखल्याची ठरलेली तारीख पंधरा दिवसांवर आली होती.

मी तो कागद हातात धरून उभा होतो. मला कायम करून अजून तीन महिने झाले नव्हते आणि त्याच आठवड्यात आबासाहेबांनी एका मुकादमाला हिशेबातल्या चुकीवरून हाकललं होतं. तेवढ्यात ते आत आले.

"आला का खंडूचा दाखला?"

मी कागद घडी करून खिशात घातला. "नाही. नापास झाले."

खरं सांगतो, मी ते ठरवून बोललो नाही. तोंडातून निघालं. वाटलं, आता हे सावरू, संध्याकाळी काहीतरी करू, साहेबांना भेटू. आबासाहेब "अरेरे" म्हणाले आणि दाराकडे पाहू लागले. दारात नाना उभे होते. टपालवाला आलेला त्यांनी खालून पाहिला होता आणि हात धुऊन वर आले होते. हातांवरून पाणी निथळत होतं.

"कशात?" त्यांनी विचारलं.

"ते कळवलेलं नाही, नाना."

"न्हाई, पर कोणच्या उत्तरात?"

"लिहिलेलं नाही."

त्यांनी धोतराला हात पुसले, खाली गेले आणि तांब्याची सळई आणून माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं ते चिडतील, साहेबाला शिव्या घालतील, "मी पैसे मोजलेत" म्हणून भांडतील. चिडले असते तर कदाचित मी खरं बोललो असतो. त्यांनी मान डोलावली, बस्स. सरकारनं मोल घेऊन तपासलं होतं आणि खोट सापडली होती, इतकं ते त्यांना सरळ होतं.

तारीख उलटल्यावर आबासाहेबांनी दुसऱ्या खाणीवरून बाळू नावाचा एक तरुण आणला. पंचविशीचा, हसरा, दाखला खिशात बाळगणारा. वाईट मुळीच नव्हता. नाना खडी फोडणाऱ्या बायकांच्या ओळीत शेवटी बसू लागले. बाळूनं पहिल्याच दिवशी येऊन त्यांच्या पाया पडून सांगितलं, "नाना, चुकलं तर सांगत जावा." नाना म्हणाले, "नापास माणसानं काय सांगायचं, भावा? तू शिकल्याला हाईस." ज्या माणसानं मला पहिल्या भेटीतच अनवाणी पळवलं, त्यानं सांगणंच बंद केलं. कुणी भोकाशेजारी लोखंडी पहार ठेवली तरी ते पाहायचे आणि मान खाली घालून घण मारायचे.

मी रोज ठरवायचो की आज सांगू. नोकरी जाईल तर जाईल. आणि रोज संध्याकाळी पाच वाजता गाडी पकडून दापोडीला यायचो. माणूस स्वतःला काय काय पटवतो! मी म्हणायचो, वर्षाचाच प्रश्न आहे, पुढच्या परीक्षेला मी माझ्या पैशानं फी भरीन, नीट भरीन, नाना पास होतील, आणि मग हे आपोआप मिटेल. खोटं आपोआप मिटत नाही, पण तेव्हा मला तसं वाटून घ्यायचं होतं.

त्यानंतर सहा महिन्यांनी ते झालं. बाळूनं नऊ बार भरले होते. उडाले. बाळूनं कानानं मोजले आणि म्हणाला, "शेवटचे दोन जोडीनं गेले. चला." मी कचेरीच्या पायरीवर चहा पीत होतो. नाना खडीच्या ढिगावरून उठून माझ्याकडे आले. पायात वहाणा नव्हत्या.

"भाऊसाहेब, मला आठच कळलं."

"मग बाळूला सांगा ना."

त्यांनी खाली पाहिलं, आपल्याच पायांकडे. "पर माझं काय खरं? पाय म्हातारं झालं आसतील. त्याच्याकडं दाखला हाय."

मी उठायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. त्यांचे पाय खरे आहेत हे त्या खाणीत निदान दोन माणसांना ठाऊक असायला हवं होतं आणि त्यातल्या एकाला मी ते विसरायला लावलं होतं. मी कप खाली ठेवला, उठलो, दोन पावलं टाकली, आणि खाली बार उडाला.

बाळू वाचला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याला ट्रकमध्ये घालून पुण्याला नेताना नाना त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवसापासून ते खाणीवर आले नाहीत. मोशीला त्यांची थोडी कोरडवाहू जमीन होती, तिथं गेले.

यानंतर दोन वर्षांनी मला पिंपरीला एका कारखान्याच्या कचेरीत नोकरी लागली. पगार चांगला, डोक्यावर पंखा. आबासाहेबांची भीती उरली नाही, आणि मग मला धैर्य आलं. भीती गेल्यावर येतं त्याला धैर्य म्हणत नाहीत, हे मला कळत होतं. तरी एका रविवारी तो परत आलेला कागद खिशात घालून मी चिंचवडहून चालत मोशीला गेलो.

नाना अंगणात भुईमुगाच्या शेंगा पसरत होते. मला पाहून इतका आनंद झाला त्यांना! "अगं, खाणीतलं भाऊसाहेब आल्यात," म्हणून आत ओरडले, घोंगडं टाकलं, पाणी दिलं. काकूंनी गुळाचा चहा केला. मी विषय काढायच्या आधी त्यांनीच काढला.

"भाऊसाहेब, माझी चूक घावली मला."

"कसली?"

"परीक्षेतली. लई दिस इचार केला. समदी उत्तरं परत परत म्हनून पाह्यली. मी भाकरीचं बोललो ना, तितं चुकलं. सायेब वेळ इचारत हुता आन् मी भाकर सांगितली. घड्याळाचं सांगाया पायजे हुतं. ज्याला वेळ सांगता येत न्हाई त्याच्या हातात दारू कशी द्यायची? बराबर केलं सायबानं."

ते शांतपणे सांगत होते. चूक सापडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला रडू आलं आणि मी सगळं सांगितलं. रांग, सिनेमा, खिडकीतला कारकून, एक चलन, खिसा. साहेब भाकरीचं ऐकून काय म्हणाले तेही. "नाना, तुम्ही पास झाला असता. तुमचा अर्ज कुणी पाहिलाच नाही. मी खोटं बोललो. बाळूची बोटंही माझ्यामुळे गेली."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. मग मी कागद काढून नानांच्या पुढे धरला. नानांनी तो उजेडात धरला. मजकूर सगळा इंग्रजीत होता, आणि खाली साहेबाच्या कारकुनानं एक ओळ लाल शाईनं अधोरेखित केली होती. त्या ओळीवरून नानांनी हळूच अंगठा फिरवला.

"लाल शाई हाय की," ते म्हणाले.

"ती फीबद्दल आहे, नाना. नापासाची नाही."

"पोरांच्या वहीत मास्तर लाल शाई कवा लावत्यात, मला म्हाईत हाय." त्यांनी कागद नीट घडी करून मला परत दिला. आणि हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी खाणीतही पाहिलं नव्हतं. "भाऊसाहेब, तुमी लई भल्या घरचं. माझ्या जिवाला लागलंय म्हनून एवढ्या लांब आलात, आन् समदं सोताच्या माथ्यावर घेताय. पर म्हाताऱ्यापायी असं खोटं बोलू नगा. पाप लागतं."

"मी खोटं बोलत नाही! नाना, तुमच्या पायांना आठ कळले होते. खरे निघाले की नाही?"

"ते नशिबानं. आंधळ्याचा बी येकादा नेम लागतो."

"मी नवा अर्ज आणला आहे. फी मी भरतो. या वर्षी बसा परीक्षेला, मी साहेबांपुढे उभा राहतो."

"नगं." ते एकदम गंभीर झाले. "न्हाई म्हंजी न्हाई. माझ्यापायी आनिक कुणाचं बोट जाया नगं."

मी आणखी बोललो. शपथा घेतल्या. जितकं जास्त बोललो तितके ते अधिक मायेनं माझ्याकडे पाहू लागले. काकूंनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "असं माणूस आजकाल कुटं मिळतंय." शेवटी मी तो कागद परत खिशात घातला. काकूंनी माझ्या पिशवीत ओंजळी भरभरून शेंगा घातल्या.

नाना मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. चाकणहून पुण्याला जाणारी मोटार यायची होती. वडाखाली गावची चार माणसं उभी होती. नानांनी कुणाची ओळख करून द्यायची कधी सवय ठेवली नव्हती, पण त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्याबद्दल बोलले. मोटार आली, भरलेली होती. कंडक्टरनं दार उघडलं तसे ते त्यालाही म्हणाले,

"ह्ये आमच्या खाणीतलं भाऊसाहेब. मी सरकारी परीक्षेत नापास झालो, तर त्यो दोष सोतावर घ्याया चिंचवडास्नं पायी आल्यात. बसाया जागा द्या त्यास्नी."

पुढच्या बाकावरचा एक म्हातारा हात जोडून उठला. मोटार सुटेपर्यंत नाना खिडकीशी उभे होते. मी त्या जागेवर बसलो.